कशावर सापडली?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर वनस्पतिशास्त्राचे, आणि मी आज बोलणार किड्यांवर. संयोजकांना मी फोनवर विचारलंही होतं, की विषय जरा बांधाबाहेर जातोय, चालेल का? ते म्हणाले, बोला हो, सरांना काही वाटणार नाही. मला विचाराल तर विषय सरांचाच आहे. तो मला कसा मिळाला ते आधी सांगतो.

मी अकरावीत होतो. पावसाळ्याचे दिवस. आमच्या गावाबाहेर संत्र्याच्या बागेच्या कुंपणावर मला एक अळी दिसली. काळपट, बोटाच्या दोन पेरांएवढी, आणि अंगाच्या दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखी वलयं. मधे काळं बुबुळ, भोवती फिकट कडं. काडीनं डिवचली तर तिनं डोकं खाली मुडपून घेतलं, मागचं टोक वर उचललं आणि तशीच वेडीवाकडी थिजून राहिली. मी ती काडेपेटीत घातली, सायकल हाणत कॉलेजात आलो आणि प्रयोगशाळेत सरांच्या पुढ्यात पेटी उघडली. मोठा शोध लावल्याचा आव होता.

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, पाहिलं आणि विचारलं, "कशावर सापडली?"

"झाडावर."

"कुठल्या?"

मला सांगता येईना. सरांनी पेटी बंद करून माझ्या हातात ठेवली. "मग अर्धी अळी तू कुंपणावरच विसरून आलास. जा, ती घेऊन ये."

पुन्हा सहा किलोमीटर सायकल. कुंपणावर चार वेली एकमेकींत गुंतलेल्या. कुरतडलेली पानं शोधत बसलो तेव्हा कुठे कळलं की अळीनं फक्त एकाच वेलीला तोंड लावलंय. मऊ लव असलेली, चिवट, बारीक पानांची. फांदी तोडून नेली. सरांनी लांबूनच ओळखली. वासनवेल. अळीचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे सांगायला ते कधी लाजत नसत. "आता हिला रोज हाच पाला घाल आणि काय होतं ते लिहून ठेव." त्या अळीचं पुढे काय झालं ते सांगेन, पण शेवटाकडे. त्यात एक घोटाळा आहे.

हल्ली मला मोबाइलवर अळ्यांचे फोटो येतात. पावसाळ्यात तर दिवसाला चार-पाच. त्यातल्या बहुतेक फोटोंत अळी तळहातावर असते, नाहीतर फरशीवर, एकदा तर ती डायनिंग टेबलच्या काचेवर होती. खाली प्रश्न ठरलेले दोन: हे काय आहे? आणि विषारी आहे का? फोटो इतका स्वच्छ, की अळीच्या अंगावरचा केस न् केस मोजून घ्यावा. आणि तरीही मला बहुतेक वेळा उत्तर देता येत नाही. कारण अर्धी अळी कुंपणावर राहिलेली असते.

भारतात फुलपाखरांच्या साधारण तेराशे-चौदाशे जाती आहेत. पतंगांच्या दहा हजारांच्या वर. सर जॉर्ज हॅम्पसन यांनी 1892 ते 1896 या काळात ब्रिटिश भारतातल्या पतंगांवर चार जाडजूड खंड लिहिले. आजही पतंगांचा अभ्यास करणाऱ्याला त्यांच्याकडे वळावं लागतं. पण त्यांतली वर्णनं मुख्यतः टाचणीला टोचून सुकवलेल्या पतंगांची, म्हणजे पंखांची. अळी टाचणीला टोचून टिकत नाही. ती सुरकुतते, काळी पडते, रंग जातो. त्यामुळे असंख्य पतंग असे आहेत की ज्यांचे पंख आपल्याला माहीत आहेत आणि बालपण माहीत नाही. तुम्ही तळहातावर घेतलेली अळी त्यांच्यापैकी एक असू शकते. पुस्तकात तिचं चित्रच नसेल, तर चित्राशी ताडून पाहण्यात काय अर्थ?

आपली भाषा या बाबतीत गरीब नाही. केसाळ असेल तर सुरवंट, गुळगुळीत असेल तर अळी. कुठे त्याला कुसरूड म्हणतात, कोकणात घुला. ही घरातली नावं. शेतातली याहून बारीक आहेत. घाटे अळी, बोंडअळी, लष्करी अळी, पाने गुंडाळणारी अळी, खोडकिडा. या नावांकडे जरा नीट बघा. एकही नाव रंगावरून सुरू होत नाही. नाव पडलंय ते अळी कुठे बसते आणि तिथे काय करते यावरून. रंग येतो तो मागाहून, बोंडात शिरणाऱ्या तीन वेगळ्या अळ्या दिसल्या म्हणून हिरवी, ठिपक्यांची आणि गुलाबी असा फरक करावा लागला तेव्हा. आणि कापसाच्या फुलाच्या पाकळ्या एकमेकींत गुंतून ते मिटल्यासारखं राहिलं, की आमच्याकडचा कुठलाही शेतकरी म्हणतो, डोमकळी झाली. आत गुलाबी बोंडअळी आहे हे त्यानं अळी न बघता ओळखलेलं असतं. ती अळी लहानपणी पांढुरकी असते, गुलाबी नंतर होते. रंगावर विसंबला असता तर फसला असता.

आता कुणी म्हणेल, मग अळीच्या अंगाकडे बघायचंच नाही का? बघायचं. पण आधी पाय मोजायचे.

अळीला छातीखाली सहा खरे पाय असतात, जोडांचे, टोकाला नखी असलेले. पुढे पतंगाला जे सहा पाय असतात ते हेच. त्यांच्या मागे पोटाखाली मांसल पाय असतात. साधारण अळीला त्यांच्या पाच जोड्या: चार मधे आणि एक अगदी शेवटाला. मधल्या जोड्या कमी झाल्या की चाल बदलते. सोयाबीनवरच्या हिरव्या उंटअळीला पोटाखाली तीनच जोड्या, म्हणून चालताना मधे उंटासारखा कुबड काढावा लागतो. दोनच जोड्या असतील तर ती वीत टाकत जावं तशी पूर्ण कमान करत जाते. अंगावरून असली अळी चालत गेली की नव्या कपड्याचं माप घेतेय असं आम्हाला लहानपणी सांगत. आणि उलटं, पाचाहून जास्त जोड्या निघाल्या तर? मोहरीच्या नाहीतर मुळ्याच्या पाल्यावर एक काळपट अळी येते. भिंग घेऊन मोजा, आठ जोड्या भरतात. ती पतंगाची नाही आणि फुलपाखराचीही नाही. ती मधमाशी-गांधीलमाशीच्या गोतातल्या एका माशीची पिल्लं. मी स्वतः तिला दोन आठवडे पतंगाची समजून पाला घालत होतो. पाय मोजायचा आळस केला, दुसरं काय.

फुलपाखराची अळी कुठली आणि पतंगाची कुठली हे सांगणारी एकच एक खूण मात्र नाही. लोक विचारतात, केसाळ ती पतंगाची ना? पुष्कळदा, पण नेहमी नाही. एरंडाच्या एकाच झाडावर काटेरी अळी फुलपाखराची असते आणि तिच्या शेजारच्या पानावरची गुळगुळीत उंटअळी पतंगाची. शेपटीवर शिंग दिसलं तर मात्र मी बेलाशक सांगतो, पतंग. भुंग्यासारखा घोंघावत फुलापुढे तरंगणारा जो मोठा पतंग संध्याकाळी दिसतो, त्याच्या घराण्याची ही खूण.

केसांचाही नकाशा असतो. नव्यानं अंड्यातून निघालेल्या अळीच्या प्रत्येक वळ्यावर ठरावीक जागी ठरावीक केस असतात, आणि कुठल्या घराण्यात कुठला केस वर सरकला, कुठला खाली, यावरून शास्त्रज्ञ घराणं ठरवतात. हिंटन नावाच्या शास्त्रज्ञानं 1946 साली या केसांना नावं देण्याची जी पद्धत बसवली तिच्यावर आजही काम चालतं. पण ते सूक्ष्मदर्शकाचं काम. बाजरीच्या बांधावर उभं राहून होत नाही.

कधीकधी अंगावरची खूण खरोखर पुरते, हेही कबूल करतो. 2018 साली अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा कर्नाटकात दिसली आणि काही महिन्यांतच आपल्याकडच्या मक्याच्या पोंग्यात येऊन बसली. तेव्हा गावोगाव सांगितलेल्या दोन खुणा तुम्हाला पाठ असतील: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेवटून दुसऱ्या वळ्यावर चौकोनात चार काळे ठिपके. या खुणा चालल्या, कारण प्रश्न ठरलेला होता. पीक मका, जागा पोंगा, आणि अळी या चार-पाचांतलीच एखादी. झाड आधीच ठाऊक होतं. रानात असं कुणी आयतं ठरवून देत नाही.

रंग किती फसवतो त्याचा एक नमुना सांगतो. तिळाच्या वावरात बोटाएवढी जाड, शिंगवाली, अंगावर तिरप्या पट्ट्या असलेली अळी सापडते. तिच्यातून निघणाऱ्या पतंगाच्या पाठीवर कवटीसारखं चित्र असतं, तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो आणि धरला तर चक्क चिरकतो. या अळ्या एकाच वावरात हिरव्या असतात, पिवळ्या असतात आणि मातकटही. एका शेतकऱ्यानं तीन रंगांच्या तीन अळ्या आणून मला सांगितलं, सर, तीन रोग आलेत. तिन्ही एकच होत्या. 

दुसरा नमुना तुमच्या अंगणातला आहे. कण्हेरीवर, तगरीवर एक हिरवीगार अळी येते. स्वस्थ असते तेव्हा डोकं आत ओढून बसलेली, काही विशेष दिसत नाही. बोट जवळ न्या. पुढचा भाग फुगतो आणि मानेच्या मागे दोन निळे डोळे उघडतात, काळ्या कडेचे, आत पांढुरकी झाक. ते डोळे नव्हेत, नुसती रंगाची चित्रं. खरे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मोहरीच्या चतुर्थांशाएवढे, एका बाजूला सहा-सहा. त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसं कळत नाही. ही अळी भरपूर खाऊन झाली की एका रात्रीत रंग बदलते. हिरवी जाऊन मळकट तपकिरी होते आणि झाडावरून उतरून पालापाचोळ्यात शिरायला निघते. माझ्या शेजारच्या वहिनींनी अशी एक अळी डब्यात ठेवली होती. सकाळी त्यांचा फोन आला, की भाऊजी, माझी अळी कुणीतरी बदलली. घरात लहान मुलं, त्यांच्यावर आळही घेऊन झाला होता.

म्हणून मी सरांच्या प्रश्नाकडे परत परत येतो. कशावर सापडली? बहुतेक अळ्या फार चोखंदळ असतात. झाडं आपल्या पानांत चीक, कडूपणा, विष भरून ठेवतात आणि त्या त्या अळीच्या पिढ्यान् पिढ्यांनी एखाद्याच विषाचा तोडगा काढलेला असतो. कण्हेरीचं पान गुरं तोंडात घेत नाहीत, वहिनींची अळी घेते. तिला भूक लागली म्हणून तुम्ही जांभळीचा पाला घातलात तर ती उपाशी मरेल. म्हणजे झाड सांगितलंत की हजारो नावं एका झटक्यात गळून पडतात आणि मागे दहा-बारा उरतात. शिवाय झाडावरची उष्टी पानं असतात. मेळघाटात नाहीतर चंद्रपूरच्या रानात पावसाळ्यात साग पाहा. सुरुवातीच्या कोवळ्या पालवीवर एक अळी येते, ती जाड शिरा तेवढ्या सोडून पान फस्त करते. रानात उभं राहिलं तर आभाळ कोरडं असताना भुरभुर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. तो हजारो अळ्यांच्या लेंड्या खालच्या पाचोळ्यावर पडण्याचा. पावसाळा उताराला लागला की दुसरी येते. ती पानाचं हिरवं तेवढं खरवडते आणि शिरांची जाळी जशीच्या तशी मागे ठेवते. ती पानं पुस्तकात ठेवावीत इतकी सुंदर असतात. कुठली अळी येऊन गेली हे कळायला अळी समोर असण्याचीही गरज नाही.

हे सगळं आज कुणी नव्यानं शोधलेलं नाही. मारिया सिबिला मेरियन नावाची जर्मन चित्रकर्ती होऊन गेली. शिवाजी महाराजांच्या काळातली म्हणा. तेराव्या वर्षी तिनं रेशमाचे किडे पाळले आणि मग आयुष्यभर अळ्या पाळत राहिली. 1679 साली तिचं अळ्यांवरचं पहिलं पुस्तक निघालं. प्रत्येक चित्रात एक झाड, त्यावर अळी, कोश आणि पंख फुटलेला जीव, सगळं एकाच पानावर. आज आपल्याला त्यात नवल वाटत नाही, पण अळी आणि तिचं झाड एका कागदावर आणणं हाच तिचा विचार होता. 1699 साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेली आणि तिथल्या अननसाच्या, पेरूच्या झाडांवर तेच करत बसली. 1705 मध्ये त्याचा ग्रंथ झाला.

आपल्या जवळचं उदाहरण हवं तर कारवार घ्या. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. 1890 च्या दशकात तिथे तीन सरकारी नोकर एकत्र आले. जेम्स डेव्हिडसन सनदी अधिकारी, एडवर्ड हॅमिल्टन एटकिन मीठ आणि जकात खात्यातले, आणि टॉमस बेल वनखात्यातले. एटकिन यांचा जन्म आपल्या साताऱ्याचा, आणि मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या 1883 मधल्या स्थापनेतही ते होते. हे तिघं नोकरी सांभाळून अळ्या पाळायचे. फुलपाखरांबद्दल त्यांनी तिघांनी मिळून लिहिलं. बेल पतंगांकडेही वळले आणि निवृत्तीनंतर मायदेशी न जाता 1948 मध्ये मृत्यू येईपर्यंत कारवारलाच राहिले. शिंगवाल्या अळ्यांच्या घराण्यावर त्यांनी स्कॉट यांच्याबरोबर लिहिलेला खंड 1937 मध्ये निघाला. तो हॅम्पसनच्या खंडांशेजारी ठेवून वाचा. हॅम्पसनमध्ये पंख आहेत. बेल-स्कॉटमध्ये अळी कुठल्या झाडावर, कशी बसते, कोश कुठे करते, हे सगळं आहे. जंगलखात्याचा माणूस होता, झाडं पाठ होती. मला तो खंड चाळताना सर आठवतात.

आता डब्याकडे येतो, कारण फोटो पाठवणाऱ्याला मी शेवटी हेच सांगतो: पाळून पाहा. फार लागत नाही. श्रीखंडाचा नाहीतर मिठाईचा प्लास्टिकचा डबा, तोंडाला रबरानं बांधलेलं मलमल, तळाला कागद. पाला रोज ताजा, आणि ओला नको. नव्या माणसाची अळी उपासानं मरत नाही, ती बुरशीनं मरते. पाणी पुसून पाला घाला, लेंड्या रोज झटका. केसाळ असेल तर हात लावू नका, कुंचल्यानं उचला. काही सुरवंटांचे केस टोचले की कातडीत मोडून राहतात आणि आग होते. आपल्याकडे त्यावर घोंगडी घासतात. त्यानं केस आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून अलगद ओढून काढावेत, मग साबणानं धुवावं.

चार-पाच दिवसांनी डब्यात एक काळा, चकचकीत, तिळाएवढा मुखवटा सापडेल. तो तिच्या डोक्याचा. अळीचं अंग ताणतं, पण डोक्याची कवटी ताणत नाही, म्हणून कात टाकताना ती अख्खी निघून पडते. हे मुखवटे फेकू नका, कागदावर चिकटवून तारीख घाला. हॅरिसन डायर नावाच्या अमेरिकनानं 1890 मध्ये असे मुखवटे मोजून दाखवलं, की दर कातीला डोक्याची रुंदी ठरावीक पटीनं वाढते, बहुधा सुमारे 1.4. म्हणजे एखादी कात तुमच्या नजरेतून सुटली तर हिशेबात ते कळतं. हा डायर मोठा वल्ली. त्याला जमिनीखाली भुयारं खणायचा नाद होता. 1924 साली वॉशिंग्टनमध्ये एका ट्रकचं चाक रस्त्यात खचलं आणि खाली भुयार निघालं, तेव्हा हेरांपासून चोरांपर्यंत सगळ्यांवर संशय गेला. शेवटी डायरनं सांगितलं, मीच खणलं, व्यायाम म्हणून. दिवसभर अळ्यांची डोकी मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळी थोडं मोकळं वाटत असेल.

डब्याचा आणखी एक नियम असा, की आत घातलंत तेच बाहेर येईल असं धरू नका.

माझ्या वासनवेलीवरच्या अळीनं दोन पानं रेशमानं जोडली आणि आत कोश केला. मी रोज उजेडात धरून पाहायचो. बाराव्या दिवशी डब्यात एक माशी बसलेली. घरात असते तशीच, पण पाठीवर राठ केस. कोशाला भोक, शेजारी तपकिरी पिंपासारखं एक रिकामं टरफल. मी सरांना सांगितलं, सर, या अळीची माशी होते. वहीतही तसंच लिहिलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "तुझ्याआधी फार मोठ्या लोकांनी हेच म्हटलंय."

ते कुणाबद्दल बोलत होते ते तुमच्यातल्या अनेकांना कळलं असेल. कीटकभृंगन्याय. कुंभारीण माशी अळी धरून आणते, मातीच्या घरट्यात कोंडते, दार लिंपते. अळी भयानं सतत कुंभारणीचा ध्यास घेते आणि त्या ध्यासानं स्वतः कुंभारीण होऊन बाहेर पडते. अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये ही कुंभारीण आहे. दिव्यावर झेपावणारा पतंगही त्याच यादीत आहे. एकनाथांनी भागवताचा एकादश स्कंध मराठीत आणला आणि ही यादी आपल्या घराघरांत पोचली. दत्त संप्रदायातल्या कुठल्याही घरात विचारा, आजी सांगेल.

दृष्टांताचा रोख ध्यासावर आहे, कीटकशास्त्रावर नाही, हे मला समजतं. मला त्यामागचं निरीक्षण थोर वाटतं. कुणीतरी भिंतीवरच्या त्या मातीच्या मडक्याकडे दिवसचे दिवस पाहत बसलं होतं. आत अळी गेली हे त्यानं पाहिलं. दार लिंपलेलं पाहिलं. मधे दुसरं कुणी आत गेलं नाही याची खात्री केली. मग बाहेर कुंभारीण आली. एवढ्या साक्षीवर याहून वेगळं कुणी काय म्हणेल? त्यानं फक्त मडकं मधेच फोडून पाहिलं नाही. फोडलं असतं तर दिसलं असतं, की अळी डंखानं लुळी पडलीय पण जिवंत आहे, तिच्या शेजारी कुंभारणीनं घातलेलं अंडं आहे, आणि अंड्यातून निघालेलं पांढरं पिल्लू ती अळी ताजीच्या ताजी खातंय. मी माझ्या डब्याबाबत नेमकं तेच केलं होतं. माझ्या अळीच्या अंगावर रानातच एका माशीनं आपली सोय लावून ठेवली होती, आणि माशीचं पोर अळीला आतून खात वाढत होतं. मेरियनच्याही अळ्यांतून माश्या निघाल्या होत्या, आणि तिनं त्या लिहून ठेवल्या.

कढीपत्त्यावरच्या नाहीतर टोमॅटोवरच्या अळीच्या अंगाला तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे चिकटलेले कधी दिसले, तर ती तिची अंडी नव्हेत. अळ्या अंडी घालत नाहीत. ते बारीक गांधीलमाश्यांचे कोश. अळी आतून पोखरली गेलेली असते. माझ्या वहीत अशा नोंदी साधारण प्रत्येक पानावर आहेत: अमुक झाड, अमुक तारीख, माशी निघाली. पहिली काही वर्षं मला त्या नोंदी म्हणजे फसलेले डबे वाटायचे. आता वाटत नाही. कुठल्या अळीवर कुठली माशी येते, हे तरी दुसऱ्या कुठून कळणार?

कधीकधी अळीच पंखांपेक्षा खरं बोलते. कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्टे भागात एका फुलपाखराच्या अळ्या वर्षानुवर्षं पाळल्या गेल्या. पंख बघितले तर सगळी एकसारखी, एकच जात. अळ्या मात्र वेगवेगळ्या रंगाढंगाच्या आणि वेगवेगळ्या झाडांवरच्या. 2004 मध्ये त्यांची जनुकं तपासली तेव्हा एका नावाखाली दहा जाती लपल्याचं निघालं. डबे आणि झाडांच्या नोंदी आधीपासून तेच सांगत होत्या.

वासनवेलीचं राहिलं. दुसऱ्या पावसाळ्यात मी त्याच कुंपणावरून चार अळ्या आणल्या. दोन मेल्या, एकीतून पुन्हा माशी. चौथीनं पानं जोडून कोश केला आणि पंधरवड्यानं सकाळी डब्यात एक मोठा पतंग बसलेला. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, हिरवट-तपकिरी, झाडावर बसला तर दिसू नये असे. मी मलमल सोडलं तसे त्यानं ते बाजूला केले आणि खालचे नारिंगी पंख उघडले, काळ्या कडेचे, मधे काळा ठिपका. सरांनी तो पाहिला. नाव तेव्हाही आम्हाला मिळालं नाही. वहीत "वासनवेल, नारिंगी पंख" एवढंच राहिलं.

त्यानंतर पंधराएक वर्षांनी, ऑक्टोबरमध्ये, वरुडकडच्या एका बागायतदारानं मला बोलावलं. आंबिया बहाराची संत्री पिकायला आली होती आणि गळत होती. फळावर टाचणीएवढं भोक, दाबलं की रस उडायचा, दोन दिवसांत भोवतीची साल सडायची. दिवसा झाडावर एक किडा दिसेना. पानं शाबूत. त्यांनी दोनदा फवारणी केली होती, काही फरक नाही. रात्री आठनंतर आम्ही बॅटरी घेऊन बागेत शिरलो. उजेडात प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या झाडावर लाल ठिणग्यांसारखे डोळे चमकले. जवळ गेलो. वाळक्या पानासारखा पतंग संत्र्याला बिलगलेला, सोंड सालीतून आत. एरवी पतंगांची सोंड मऊ असते, याची टोकाला टणक आणि खरखरीत, साल फोडणारी. माझी चाहूल लागली तसा उडाला आणि नारिंगी पंख दिसले.

बागायतदार म्हणाले, "सर, याची अळी कुठं हाय? झाडन् झाड पाहिलं."

संत्र्याच्या झाडावर ती कधीच सापडली नसती. मी त्यांना बॅटरी घेऊन कुंपणाकडे नेलं. तारेवर वासनवेल, आणि निंबाच्या बुंध्यावर चढलेला गुळवेल. पतंगाचं जेवण बागेत, पोरांचं जेवण कुंपणावर. फळांतला रस शोषणाऱ्या पतंगांसाठी बागेभोवतीची गुळवेल-वासनवेल काढा, अशी शिफारस कृषीतज्ज्ञ करतात, पण ती कागदावर वाचून कुणाला पटत नाही. कुंपणावरच्या वेलीनं संत्री कशी गळतील? त्यात 2020 नंतर गुळवेलाला असा भाव आला, की लोक तो मुद्दाम लावू लागले. औषधाचा वेल आहे, उपटा कसं म्हणणार? मी एवढंच म्हणतो, लावा, पण संत्र्याच्या बागेपासून लांब लावा.

त्या रात्री घरी आल्यावर मी अकरावीतली वही काढली. "वासनवेल, नारिंगी पंख". सर तेव्हा निवृत्त होऊन गावी गेले होते. मी त्यांना पोस्टकार्ड टाकलं, की अळीचं नाव सापडलं आणि तिचं दुसरं झाडही सापडलं. त्यांचं उत्तर आलं ते एका ओळीचं. दुसऱ्या झाडाची फांदी पाठवलीस का?

वेळ झालाय, अध्यक्षांनी घड्याळाकडे दुसऱ्यांदा पाहिलं. संयोजकांनी निमंत्रणात छापलं होतं, की कुणाला अळी सापडली असेल तर घेऊन यावी, आणि मघाशी बाहेरच्या टेबलावर मी सात-आठ डबे मोजले. एका आईस्क्रीमच्या डब्यात काहीतरी केसाळ आहे, त्याचं झाकण कृपया लहान मुलांनी उघडू नये. मी आता तिकडेच येतो. ज्यांनी पाला बरोबर आणलाय त्यांनी पुढे उभं राहावं. ज्यांनी आणला नाही त्यांनी घरी फोन लावून विचारावं, काल अळी कुंडीतल्या कुठल्या झाडावर होती ते.